एक दात पुढे

वरचं पंपघर,
३ फेब्रुवारी

धाकटे,

आशीर्वाद. तुला त्यांचा काही उपयोग नाही म्हणतेस, तरी ठेवून घे, इथे नुसते पडून आहेत.

पत्र बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. फोनचा नाद सोडला, कारण इथली लाइन पार गेली कामातून. तुझा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा येतो, मग मी आपला "हो हो, बरं बरं" करतो आणि ठेवून देतो. त्यात कसली मजा! कागदावरचे शब्द निदान पळून जात नाहीत. तुझी ताई गेल्यापासून पत्र लिहायला मला दुसरं कोणी उरलंही नाही, तेव्हा हा जाच तुलाच.

आता कामाचं. म्हातारी गप्प झाली आहे. म्हातारी म्हणजे आमचं इंजिन, विसरली नसशील. एका सिलिंडरचं डिझेल, तळ्याचं पाणी टेकडीवरच्या टाकीत चढवतं आणि टाकीतून ते खालच्या वस्तीला जातं. मी इथे आलो तेव्हापासून तिचा एक्झॉस्ट, म्हणजे धुराचा पाइप, भिंतीबाहेर असा खणखणीत ठोका टाकायचा की तळ्याच्या पलीकडे उभा असलो तरी पोटात कळायचं, बाई ठीक आहे. हल्ली ठोका मऊ पडलाय. तोंडावर उशी धरून कोणी बोलावं तसा. पाणी चढतंय, धूर स्वच्छ आहे, पण आवाजात जीव नाही.

मला वाटतं एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उशिरा उघडतोय. त्याला उघडणारा कॅम झिजला असेल. तू वर्कशॉपमध्ये पोरांना हेच शिकवतेस ना? मग सांग, दाब कुठे जिरतोय.

घाई आहे म्हणून विचारतो. मार्च संपता संपता पाणीखात्याचे साहेब तपासणीला येणार आहेत. इंजिन थकलंय असं त्यांना वाटलं की इथे विजेची मोटर बसेल, खालून बटण दाबून चालणारी. मग पंपघराला माणूस नको आणि माणसाला खोली नको. मला खाली धाडतील. खाली कुठे जाऊ? माझं खाली आहे कोण? तुझी ताई याच खोलीत गेली. तिची खुर्ची अजून खिडकीशी आहे आणि मी तिच्यावर बसत नाही. मला इथून हलायचं नाही, एवढं ध्यानात धर आणि त्या बेताने उपाय सांग.

बाकी ठीक. किटली बिघडली आहे, शिट्टीच वाजत नाही, दोनदा बूड करपलं. तळ्यावर पाखरं आहेत पण यंदा तीही मुकी. आठवड्यातून एकदा पाण्याची लाइन तपासायला फिटर वर येतो, त्याला म्हातारीबद्दल विचारलं तर म्हणतो नेहमीसारखीच चालते की. त्याला काय कळतंय डोंबल!

तुझा,
भावजी


११ फेब्रुवारी

भावजींना धाकटीचा नमस्कार.

आशीर्वाद पोचले, माळ्यावर ठेवलेत.

फोनवर बोलायचा कंटाळा आला असं सरळ म्हणाला असतात तरी चाललं असतं, लाइनीवर कशाला ढकलता? असो. इंजिनाच्या निमित्ताने का होईना, आठवण झाली.

तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पोरांना सांगते तसंच सांगते, रागावू नका. पिस्टन पार खाली पोचायच्या थोडा आधीच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो. थांबा यायच्या जरा आधी कंडक्टर बसचं दार उघडतो ना, तसं. आत तेव्हा अजून बराच दाब असतो, तो आपल्या जोरावर धूर बाहेर फेकतो. हा जो पहिला लोट पाइपात घुसतो तोच तुमचा ठोका. मग पिस्टन वर येतो तेव्हा त्याला ढकलायला थोडंच उरतं.

व्हॉल्व्ह उशिरा उघडला तर तो लोट मिळमिळीत होतो, धूर आत कोंडतो आणि पिस्टनला वर येताना त्याच्याशी झगडावं लागतं. ठोका मऊ होतो हे खरं. पण मग इंजिन दमतं, धूर काळवंडतो, पाणी कमी चढतं. तुमचं यातलं काहीच झालेलं नाही. उलट व्हॉल्व्ह फार लवकर उघडला तर जो दाब पिस्टनला खाली रेटत असतो तो फुकट बाहेर पळतो. आवाज मोठा, पण कामाचा नाही. पाइप तापतो, डिझेल जास्त जातं आणि व्हॉल्व्हची कड जळते. मोठा आवाज म्हणजे तब्येत चांगली असं नसतं, हे माणसांच्या बाबतीतही लागू आहे, पण ते जाऊ दे.

म्हणून आधी मोजायचं. साधी पारदर्शक नळी घ्या, यू आकारात वाकवून फळीवर ठोका, त्यात रंगीत पाणी भरा. एक्झॉस्ट पाइपाला खाली निचऱ्याचा बोल्ट असतो, तो काढून तिथे हातभर तांब्याची नळी लावा आणि तिला ही यू नळी जोडा, नाहीतर प्लास्टिक वितळेल. नळीच्या तोंडात बारीक भोकाची पत्री बसवा, म्हणजे पाणी फार नाचणार नाही. पंपावर पूर्ण लोड असताना दोन बाजूंत किती फरक पडतो आणि पाणी किती उड्या मारतं, ते कळवा. टॅपेटची गॅप, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावरची फट, फीलरच्या पातळ पट्टीने बघा. धुराचा रंग आणि डिझेलही लिहा.

आणि तोवर कशालाही हात लावू नका. तुमची सवय मला ताईने सांगितलेली आहे. घरातलं चालू घड्याळ तुम्ही दुरुस्त केलं होतंत.

धाकटी


वरचं पंपघर,
२० फेब्रुवारी

धाकटे,

ते घड्याळ मागे पडत होतं. तुझ्या ताईने माझी एकच बाजू सांगितली.

नळीचा खटाटोप केला. पाण्यात रंग हवा म्हणून चहाच ओतला. पहिल्यांदा पत्री बसवायला विसरलो आणि म्हातारीने तो सगळा चहा माझ्या तोंडावर थुंकला. फिटर नेमका दारात उभा होता, खोखो हसत सुटला असावा, कारण पोट धरून वाकला होता. पुढच्या खेपेला जमलं. फरक वीतभर, त्यात बोटभर कमीच. उडी पेराएवढी. धूर जवळजवळ दिसत नाही. डिझेल नेहमीइतकंच. टॅपेटची गॅप इंजिनावरच्या पत्र्यावर लिहिलीय तितकीच.

आता तूच सांग, सगळं ठाकठीक असताना ठोका मेलाय कसा? माझ्या उस्तादाने मला आकड्यांनी नाही शिकवलं. पाइपाच्या तोंडाशी उभं करायचा, डोळे मिटायला लावायचा आणि विचारायचा, लवकर की उशिरा? चुकलं की टपली. मी कधी चुकायचो नाही. आजवर या इंजिनाचं टायमिंग मी कानानेच लावलं आणि एकदाही तक्रार आली नाही.

तू हात लावू नका म्हणालीस, पण टॅपेटची गॅप मी थोडी कमी केली. केसभरच. व्हॉल्व्ह जरा आधी उघडेल एवढ्याचसाठी. किंचित फरक वाटतो. पुरेसा नाही.

तुला सांगतो, पाणी चढवून झालं की मी इंजिन बंद करतो आणि मग खोलीत जी शांतता येते ना, ती हल्ली अंगावर येते. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी छताचे पत्रे कुरकुरायचे, पाणी टपकायचं, तुझी ताई काहीतरी बोलायची. आता म्हातारी चालू असतानाच काय ती सोबत, आणि तीही तोंड फिरवून बसलीय. इथे दिवसभर माझ्याशी कोणी बोलत नाही, आणि बोलणारी एक होती तिलाही माझा कंटाळा आला, असं मनात येतं. वेड्यासारखं आहे, पण येतं.

लवकर लिही.

भावजी


१ मार्च

भावजी,

तुमचे आकडे घेऊन मी दोन संध्याकाळी वर्कशॉपमध्ये थांबले. आमच्याकडे तुमच्या म्हातारीची सख्खी बहीण आहे, त्याच कंपनीची, तेवढ्याच ताकदीची, पोरांना खोलायला-जोडायला ठेवलेली. तिला तितकंच लोड दिलं आणि तुमच्यासारखीच नळी लावली. (मी लाल शाई घातली, चहा प्यायले.) फरक वीतभर, बोटभर कमी. उडी तेवढीच. मग मी कॅम फिरवतो तो कॅमगिअर एक दात मागे बसवून पाहिला, म्हणजे व्हॉल्व्ह उशिरा उघडला. इंजिन धापा टाकायला लागलं आणि धुराने वर्कशॉप भरलं. चौकीदार धावत आला. तुमच्या इंजिनाला उशीर होत असता तर तुम्हाला असंच दिसलं असतं.

म्हातारी ठणठणीत आहे हो. मला तिच्यात काहीच सापडत नाही. गॅप पुन्हा होती तेवढी करा. ती फार कमी झाली तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, आणि मग जळतो.

मला कोडं पडलंय ते आवाजाचं. बाहेरच्या भिंतीशी काही नवीन बांधलंय का? पाइपाच्या तोंडाशी झाड वाढलंय? फिटरला पुन्हा एकदा नीट विचारा, अगदी उभं करून विचारा, की आवाज बदललाय का.

शांततेचं लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. माझ्याकडे उलटं आहे. रस्त्यावरची खोली, खाली सुताराचं दुकान, दिवसभर करवत. आवाजाला तोटा नाही. पण त्यातला एकही माझ्यासाठी नसतो. शाळेत पोरं "बाई, बाई" करतात, शाळा सुटली की संपलं. परवा दुकानात हिशेब सांगताना माझा घसा खरखरला, तेव्हा ध्यानात आलं की सुट्टीचे दोन दिवस मी तोंडच उघडलं नव्हतं.

उगाच लिहिलं. खोडत नाही आता.

धाकटी


वरचं पंपघर,
४ मार्च

धाकटे!

तुझ्या पत्राची वाट बघवली नाही. रोज दाराशी बघतो, पोस्टमन हल्ली हाकही मारत नाही, गुपचूप टाकून जातो, म्हणून कधी आलं ते कळतच नाही. असो! आनंदाची बातमी आहे.

म्हातारी बोलली!

काल पुढचं झाकण खोललं आणि कॅमगिअर एक दात पुढे बसवला. एक्झॉस्ट आता चांगला आधी उघडतो. चालू केलं आणि काय सांगू तुला, तोच ठोका, अगदी तरुणपणीचा! भिंतीवरची कॅलेंडरं हलली. मी पाइपाच्या तोंडाशी जाऊन डोळे मिटून उभा राहिलो आणि, हसू नकोस, रडलो. किती महिन्यांनी ऐकला मी तो. वाटलं, चला, कोणीतरी घरी परत आलं.

पाइप थोडा जास्त तापतो. सायलेन्सरच्या गळ्याशी लालसर दिसतो, पण शेड अंधारी आहे, त्यामुळे दिसत असेल. डिझेल जरा जास्त लागतंय. नळीतलं पाणी पार फळीबाहेर उडतं, म्हणून मी नळीच काढून ठेवली. बाकी झकास. आता येऊ देत साहेबांना. असा ठोका ऐकल्यावर मोटरचं नाव काढायची त्यांची टाप आहे का?

तुझी विद्या वाया गेली म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. शेवटी कान तो कान.

भावजी


९ मार्च

भावजी,

हे पत्र हातात पडेल तिथे वाचा, उभ्या उभ्या वाचा आणि इंजिन चालू असेल तर आधी बंद करा.

गिअर एक दात मागे घ्या. जिथे कंपनीची खूण आहे तिथे. आवाज मोठा झाला कारण जो दाब पाण्याला वर चढवतो तो तुम्ही पाइपातून हवेत सोडताय. पाइप लाल दिसतो कारण तो लाल झालाय. शेडच्या अंधाराचा त्यात काही संबंध नाही. आतला व्हॉल्व्ह त्याच्याहून जास्त तापलाय. हवा आत घेणारा इनलेटचा व्हॉल्व्हसुद्धा त्याच गिअरवर आहे, तोही वेळेआधी उघडतोय, आणि पिस्टनला टेकला तर म्हातारी जागेवर मोडेल. साहेबांना मग ठोका ऐकायला मिळणार नाही, भंगार बघायला मिळेल.

आता दुसरं लिहायचंय. दोनदा लिहून फाडलं. तुम्हाला गोड लागेल असं ते लिहिता येत नाही, म्हणून सरळच लिहिते.

तुमची सगळी पत्रं मी समोर मांडून बसले होते. किटलीची शिट्टी वाजत नाही. पाखरं मुकी झाली. फिटर पोट धरून वाकला म्हणून तो हसत असावा असा तुम्ही अंदाज केलात. पोस्टमन हाक मारत नाही. पत्रे कुरकुरत नाहीत, पाणी टपकत नाही, फोनची लाइन गेली. एका माणसाभोवती इतक्या वस्तू एकाच वर्षात कशा बिघडतील, भावजी? इंजिन तर मोजून पाहिलं, ते बिघडलेलं नाही.

तुम्हाला ऐकू कमी येतंय. बरंच कमी.

आयुष्यभर त्या पाइपाशी उभे राहिलात, कानात बोळा म्हणून घातला नाहीत, दुसरं काय होणार होतं? तुम्ही इंजिन तुमच्या कानाला जुळवून घेतलंत. असं दुसऱ्या कुणाला सुचलंही नसतं आणि जमलंही नसतं.

खाली येऊन डॉक्टरला दाखवा. पण आधी तो दात मागे घ्या. हात जोडते.

धाकटी


वरचं पंपघर,
१३ मार्च

बाई,

पत्र मिळालं. मी बहिरा नाही.

चार पुस्तकं वाचून माझ्या कानाची परीक्षा घ्यायची गरज नाही. तुझी ताई असती तर तिने तुला खडसावलं असतं. इंजिन उत्तम चालू आहे. मी बघून घेईन.

यापुढे त्रास घेऊ नये.


२४ मार्च

भावजी,

त्रास घेतेय. रागवायचं तेवढं रागवा, मला खडसावायला ताई नसली तरी तुम्ही आहात. पण गिअर मागे घेतलात की नाही एवढं एका ओळीत कळवा. मी वर्गात व्हॉल्व्हचं चित्र काढते आणि मध्येच थांबते, पोरांना वाटतं बाई विसरल्या. तुम्ही तिथे एकटे, शेजारी लाल झालेला पाइप आणि पलीकडे डिझेलचं पिंप. काही झालं तर आवाज यायचा तो येईल आणि तुम्हाला कळणार नाही. जीव टांगणीला लागलाय माझा.

आणखी एक सांगायचं आहे. सांगणार नव्हते, पण तुम्ही नात्यात "बाई" लिहून भिंत घातलीत, तेव्हा आता लपवून काय वाचवायचंय?

मागच्या वर्षी, ताईचं वर्ष झाल्यावर, मी फोन केला होता. आठवतं? मी फोनवर तुम्हाला एक विचारलं. आधी खूप दिवस मनाची तयारी केली, पाठ करून ठेवलं, तरी बोलताना जीभ जड झाली, म्हणून आवाज हळू आला असेल. मी म्हटलं, भावजी, माझ्याकडे दोन खोल्या आहेत, एक रिकामीच आहे, तुम्हीही एकटे आणि मीही, तर इकडे राहायला याल का? तुम्ही "बरं बरं" म्हणालात, मग म्हणालात, "चल, ठेवतो, पाणी सोडायचंय."

मला वाटलं, तुम्हाला ते आवडलं नाही. वाटलं, मेहुणीने असं विचारणं तुम्हाला आगाऊपणाचं वाटलं आणि मान राखायचा म्हणून तुम्ही न ऐकल्यासारखं केलंत. तेव्हापासून मी फोनवर बोलत होते ते वरवरचंच. मग तुम्ही फोनच बंद केलात, तेव्हा तर खात्री झाली. एक वर्ष मी ही लाज उराशी घेऊन हिंडले, भावजी. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा त्यात इंजिनच इंजिन बघून मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

आता कळतंय की तुम्हाला ते ऐकूच आलं नव्हतं.

पुन्हा विचारत नाही. तुम्हाला वर राहायचंय हे तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिलंत आणि मी ते ध्यानात धरलंय. तुमची म्हातारी नीट व्हावी, साहेब खूश होऊन जावेत, एवढीच इच्छा. पण विचारलं होतं हे तुम्हाला माहीत असावं.

धाकटी


वरचं पंपघर,
८ एप्रिल

धाकटे,

गिअर मागे घेतला. तुझं चोवीस तारखेचं पत्र यायच्या आधीच घेतला होता, पण तुला कळवायला माझी मान खाली जात नव्हती.

कसं झालं ते ऐक. तुझ्यावर डाफरून पत्र टाकलं आणि दोन दिवसांनी फिटर वर आला. मी पाइपाजवळ स्टूल टाकून चहा पीत बसलो होतो, ठोका ऐकत, मजेत. अचानक खांद्यावर हात पडला आणि मी कपासकट उडालो. वळून बघतो तर हा लालबुंद, घाम गळतोय, तोंड उघडतंय-मिटतंय. तो दारातून ओरडत होता, मग अर्ध्या शेडमधून ओरडला, मग पाठीशी उभा राहून ओरडला. घसा बसला बिचाऱ्याचा. त्याने हाताने पाइप दाखवला. गळा पार केशरी झाला होता आणि वरच्या लाकडी वाशातून धूर निघत होता. मी त्याच्या खाली बसून चहा पीत होतो!

त्याने डिझेल बंद केलं, मी वाशावर पाणी मारलं. नंतर आम्ही दोघं जमिनीवरच बसलो. तो काहीतरी बोलत होता. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो आणि मला तुझं पत्र आठवत होतं, एकेक ओळ. मी त्याला म्हटलं, अरे, मला ऐकू येत नाही. पहिल्यांदाच म्हटलं हे. तो माझ्याकडे असा बघत राहिला की त्याला हे कधीचंच ठाऊक होतं.

हेड उतरवलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळायला लागली होती, पण थोडक्यात निभावलं. दोन दिवस व्हॉल्व्ह घासायचा मसाला लावून हाताने घासली. गिअर खुणेवर, गॅप फीलरने, नळी पुन्हा फळीवर. वीतभर, बोटभर कमी, उडी पेराएवढी. चालू केलं तेव्हा मी ठोक्याकडे लक्षच दिलं नाही. नळीतल्या चहाकडे बघत बसलो.

तीस तारखेला साहेब आले. शेडमध्ये हात मागे बांधून उभे राहिले, मान डोलावली. कागदावर लिहून दिलं, इंजिन उत्तम, बदलाची गरज नाही. म्हणजे मी जिंकलो गं. ज्याच्यासाठी तुझा जीव खाल्ला ते सगळं मिळालं. म्हातारी राहिली, खोली राहिली, मी राहिलो. जाताना साहेब आणखी काहीतरी बोलले आणि मी दोन-तीनदा "हो हो, बरं बरं" केलं. ते गेल्यावर फिटरने मला कागदावर लिहून दाखवलं. साहेबांनी विचारलं होतं, एवढं सुंदर चालणारं इंजिन, याचा आवाज ऐकून तुम्हाला करमत असेल ना?

त्या दिवशी पाणी चढवून झालं आणि मी इंजिन बंद केलं. चालू असताना आणि बंद झाल्यावर, दोन्हीत मला फारसा फरक कळला नाही. मग मी इथे कोणाजवळ राहायचं म्हणत होतो, धाकटे?  कधी नव्हे ते तुझ्या ताईच्या खुर्चीवर बसलो. तिथून तळं दिसतं आणि रस्ता दिसतो. ती रस्त्याकडे बघत असायची, मला वाटायचं तळ्याकडे बघते.

मी साहेबांना लिहून कळवलं की मला ऐकू येत नाही आणि हे इंजिन आता ऐकू येणाऱ्याच्या हाती द्या. सगळ्या वस्तीचं पाणी माझ्या कानांवर सोडून ठेवणं बरं नव्हे. फिटर तयार आहे. त्याला शिकवतोय, खुणेवर, फीलरने आणि नळीने. कानाने नाही शिकवणार. शिकवून झालं की किल्ली त्याच्याकडे.

तुझं चोवीस तारखेचं पत्र मी रोज वाचतो. मला खरंच ऐकू आलं नव्हतं. लाइनीत खरखर होती, तू बोलायची थांबलीस असं वाटलं, म्हणून मी ठेवला. त्या वर्षात मी रोज म्हणायचो, मला कोणी विचारत नाही. आणि तू विचारून बसली होतीस. किती वाईट झालं हे, धाकटे.

तू पुन्हा विचारणार नाही म्हणतेस, नको विचारूस. मी पहिल्याच प्रश्नाचं उत्तर देतो. येतो. लोक काय म्हणतील याची तुला काळजी असेल तर ती तुझी तू कर, मला ऐकू येणार नाही. सुताराच्या करवतीचाही मला त्रास नाही. डॉक्टरलाही दाखवू, यंत्र लावू, जे परत येईल ते येईल. नाही आलं तर तू बोलताना माझ्याकडे तोंड करून बोल, मी बघत जाईन. आजवर बायकोच्याही तोंडाकडे इतकं नीट बघितलं नाही, ते आता शिकावं लागेल.

मे महिन्याच्या दहा तारखेला दुपारच्या गाडीने निघतो. स्टेशनला ये. मी चुकीच्या बाजूने चालायला लागलो तर मागून हाका मारत बसू नकोस. पळत ये आणि समोर उभी राहा.

तुझा,
भावजी